कुणाला उठवू नका : कृष्णाकाठच्या हिवाळी वाटेचे कानमंत्र

पोरांनो, दिवाळी सरली, उसाला कोयता लागला आणि माधवनगरात पहाटेची थंडी अंगाला झोंबायला लागली की कृष्णाकाठची वाट धरायचे दिवस आले. पावसाळ्यात नदी मळीत शिरते, उन्हाळ्यात काठ तापतो. काठाने पायी हिंडावं असे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एवढेच. कर्नाळ, पद्माळे, पुढे वरच्या अंगाला नांद्रे, ब्रह्मनाळ, भिलवडी, पलीकडे औदुंबर. ही वाट कुणी आखलेली नाही. ती पाणंदीतून जाते, बांधावरून जाते, कुठे उसाच्या कडेने नुसती पायाखालीच असते.

सगळी वाट एका दिवसात संपवायची हाव धरू नका. एक तुकडा धरा आणि सावकाश चाला. मिरज–पुणे लोहमार्गावर माधवनगरनंतर नांद्रे आणि भिलवडी ही स्टेशनं आहेत. लांबच्या टप्प्याला पॅसेंजर सोयीची. चालायचं कसं ते मला आमच्या आण्णांनी शिकवलं, आण्णांना काठच्या भोई मंडळींनी. त्या सगळ्या शिकवणीचं मूळ एकच आहे. आपण जाऊन आलो आणि आपल्यापायी काठावरचं एकही पाखरू, एकही जनावर जागचं उठलं नाही, तर चालणं साधलं. बाकीचे कानमंत्र याच्याच पोटातले आहेत.

का उठवायचं नाही, ते आधी समजून घ्या

मगरीला आपल्या अंगात ऊब तयार करता येत नाही. हिवाळ्याच्या रात्री हवेपेक्षा पाणी उबदार असतं, म्हणून ती रात्र पाण्यात काढते आणि ऊन चढलं की काठावर येऊन पडते. अंग तापल्याशिवाय तिला खाल्लेलं नीट पचत नाही. तुम्ही जवळ गेलात, ती पाण्यात गेली, की तिची कमावलेली ऊब गेली. पाणकावळा पंख पसरून बसतो तो पिसं वाळवायला. त्याची पिसं पाण्याने भिजतात. चक्रवाक लडाख, तिबेट, मध्य आशियाकडून येतो. एवढं अंतर कापून आलेल्या पाखराला इथे खायला आणि विसावायला हवं असतं. माणूस बघून घेतलेली प्रत्येक भरारी त्याच्या अंगातला साठा खर्च करते. आपल्याला ती घटकाभराची मौज वाटते, पण तिची भरपाई त्याला दिवसभर चरून करावी लागते.

सूर्य पाठीशी घ्या

आपलं माधवनगर नदीच्या पूर्वेला. कर्नाळ-पद्माळ्याच्या काठावर सकाळी उभे राहिलात की सूर्य आपल्या पाठीशी आणि पहिलं ऊन समोरच्या काठावर. तापायला आलेली मगर त्याच उतारावर पडते. उजेड नीट, मध्ये नदीचं पात्र, तिला आपली धास्ती नाही आणि आपल्याला तिची. यापेक्षा चांगली जागा मागून मिळायची नाही. नदीला वळणं आहेत, तेव्हा पुढे गेल्यावर ऊन कुठल्या काठावर पडतंय ते बघत चला.

जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो. त्याआधी निघा. धुकं असेतोवरचा वेळ पाखरांना द्या, मगरीसाठी ऊन तापण्याची वाट बघा. घाईने दोन्ही हातचं जातं.

बंधारा बघा, मग कोण कुठे ते कळेल

नागठाणे, डिग्रज, सांगली, म्हैसाळ इथे नदीवर बंधारे आहेत. पावसाळा संपला की बरगे घालून पाणी अडवतात. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी खोल आणि संथ, तिथे पाणकावळे आणि मगरी. खालच्या अंगाला खडक, वाळू, गुडघाभर पाणी. तिथे शेकाट्या, तुतवार, धोबी, बगळे, चित्रबलाक. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख मारत थांबतो आणि सरळ खाली सूर मारतो. त्यालाही मासा दिसेल असं नितळ पाणी लागतं.

नदीची पातळी रोज एकसारखी नसते. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांसाठी कोयनेतून पाणी सोडलं की काल दिसलेला वाळूचा पट्टा आज बुडालेला असतो. म्हणून वाळूच्या बेटावर जायचं नाही आणि बंधाऱ्यावरून पलीकडे जाण्याचं धाडस करायचं नाही.

मगरीच्या पाण्याचा मान ठेवा

भिलवडी, औदुंबर, डिग्रज, पद्माळे या पट्ट्यात मगरी आहेत आणि माणसांवर हल्लेही झालेले आहेत. मगर काठावर दिसते तेव्हा धोका कमी असतो, कारण ती कुठे आहे ते आपल्याला ठाऊक असतं. धोका न दिसणाऱ्या मगरीचा. ती पाण्यातून, कडेला वाकलेल्यावर येते. पाण्यापासून वीसएक पावलं आत राहून चाला. हात-पाय धुवायला, बाटली भरायला, फोटोसाठी उकिडवं बसायला कडेला जायचं नाही. दिवस मावळायच्या आत काठ सोडायचा. अंधार तिच्या शिकारीचा. कुत्रं बरोबर न्यायचं नाही.

जबडा वासून पडलेली मगर दिसली तर ती दम देतेय असं समजू नका. अंगाचा ताप सांभाळण्याची तिची ती रीत आहे. दगड मारून तिला हलवणारा कुणी भेटला तर त्याला शांतपणे सांगा की 1972 च्या वन्यजीव कायद्यात मगरीला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. ऐकलं नाही तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

टिटवीचं ऐका

काठाची राखण टिटवी करते. तिने तुमच्याकडे तोंड करून ओरडायला सुरुवात केली की समजा, सगळ्या काठाला तुमची वर्दी गेली. तिथेच थांबा. मागे दोन पावलं घ्या, खाली बसा, बोलू नका. ती गप्प झाली की थोड्या वेळाने बाकीचे आपापल्या कामाला लागतात. ती दुसरीकडे बघून ओरडत असेल तर तिकडे नजर टाका. कोल्हा, मुंगूस येत असेल किंवा दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी उसाच्या शेंड्यालगत उडत येत असेल.

पाखराकडे सरळ रोखून चालत जाऊ नका. आडवं, तिरकं चाला, जणू तुमचं काम दुसरीकडेच आहे. खाणारं पाखरू मान वर करून थांबलं की आपण फार जवळ आलो. ते उडेपर्यंत थांबायचं नसतं, मान वर झाली की मागे व्हायचं.

ओला चिखल वाचायला शिका

प्राणी दिसला नाही म्हणून सकाळ वाया गेली असं म्हणू नका. मगर सरपटली की चिखलात पोटाची रुंद चर उमटते, चरीत शेपटीची रेघ आणि दोन्ही बाजूंना पंज्यांचे ठसे. कुत्रा-कोल्ह्याच्या ठशात नखं उमटतात, मांजराच्या जातीच्या ठशात सहसा नाही. मोठा, गोलसर, नखं नसलेला ठसा दिसला तर बिबट्या जवळपास असू शकतो. तिथून मागे फिरायचं. चिखल काठापासून लांबूनच वाचा. महापुरांनी काठ खालून कोरलेले आहेत. वरून घट्ट दिसणारी काळी माती पायाखालून सुटते.

उसात शिरायचं नाही

उसात काय आहे ते बाहेरून कधीच दिसत नाही. हिवाळा हा घोणशीच्या जोड्यांचा काळ; पाचटात, बांधावर, उन्हाच्या तिरिपेला ती पडलेली असते आणि रंग असा की पाय पडेपर्यंत दिसत नाही. कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला तर जागीच थांबा, ती कुठे आहे ते बघा आणि मग मागे सरा. चावलीच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, मंत्र-उताऱ्यात वेळ घालवायचा नाही. चावलेला अवयव हलू द्यायचा नाही, 108 ला फोन करायचा आणि सांगली-मिरजेचं सिव्हिल गाठायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारींच्या विषावर एकच लस चालते, म्हणून साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही.

फड तुटताना रानमांजराची किंवा बिबट्याची पिल्लं सापडतात. हात लावू नका, उचलू नका, फोटोला गर्दी जमवू नका. आई जवळच असते आणि रात्री न्यायला येते. तोडणी थांबवून 1926 ला कळवायचं.

काठच्या माणसांना आधी नमस्कार

ज्या बांधावरून चालतो तो कुणाचा तरी आहे. मालक दिसला तर "मामा, काठानं जरा पाखरं बघत जाऊ का?" एवढं विचारा. नाही म्हणणारा क्वचितच भेटतो आणि रात्रीची लाईट असताना मोटर चालू करायला काठावर उतरलेल्या त्या माणसाइतकं मगरीचं वेळापत्रक कुणालाच ठाऊक नसतं. भोयांना विचारा, मेंढ्या बसवायला आलेल्या धनगरांना विचारा. त्यांच्या मेंढ्यांच्या वाड्याजवळ जाताना लांबून हाक द्या आणि थांबा. त्यांची कुत्री राखणीची आहेत, मालकाने बोलावल्याशिवाय पुढे व्हायचं नाही. शेतीपंपांच्या केबली काठावर पडलेल्या असतात. ओल्या जागेतल्या वायरीला पाय लावायचा नाही.

बरोबर काय न्यायचं

मातकट, शेवाळी रंगाचे कपडे. पांढरं आणि भडक नको. सकाळी स्वेटर आणि कानटोपी, नऊनंतर काढून ठेवायला पिशवी. घोट्याच्या वर येणारे बूट, कारण उसाचं खोडकं साध्या चपलेतून पाय फाडतं. दुर्बीण, पाणी, वही. खायला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि भडंग. खरकटं आणि कागद परत घरी आणायचे; मासळी-मटणाचा तुकडाही काठावर टाकायचा नाही. माणसाच्या वासामागे अन्न असतं हे मगरीला कधी शिकवायचं नसतं. मोबाईलवर पाखरांचे आवाज लावून त्यांना बोलावू नका.

वही ठेवा आणि फेब्रुवारीनंतर काठ सोडा

वहीत तारीख, जागा, काय दिसलं, काय करत होतं, एवढं लिहा. एकाच तुकड्यावर हिवाळाभर हिंडलात तर धोबी कधी आले, चक्रवाक कधी गेले, भोरड्यांचे थवे शाळूवर कधी पडले ते कळेल. ब्रह्मनाळला कृष्णेत मिळणारी येरळा वर खटाव तालुक्यातून येते. तिच्यावरच्या येरळवाडीच्या पाण्यात हिवाळ्यात रोहित उतरतात. एका नदीची नोंद अशी दुसऱ्या नदीपर्यंत पोचते.

फेब्रुवारी संपत आला की मगरीची मादी काठावर खड्डा करून अंडी घालते. साधारण पंचवीस-तीस अंडी, आणि पावसाआधी पिल्लं. नदी सुरय आणि आर्ली उघड्या वाळूवरच अंडी घालतात. तेव्हापासून वाळूच्या पट्ट्याकडे फिरकायचं नाही. वाळू उपसली, विटांसाठी मळीची माती नेली, की त्यांना अंडी घालायला जागा उरत नाही. तुमच्या वहीत अशा जागांची नोंद असेल तर ती घेऊन ग्रामपंचायतीत जा, वनखात्याकडे जा. "इथे मगरीचं घरटं आहे" हे तारखेनिशी लिहिलेलं असलं की ते नुसतं बोलणं राहत नाही. हिवाळाभर काठावर कुणाला उठवायचं नाही, पण त्यांची जागा जात असेल तेव्हा तुम्ही मात्र उठलं पाहिजे.