पहिले व्यवस्थापकपद आणि न्याय्य वेतनाचा हिशेब

भिलाई हे शहर नियमित वेतनाच्या भक्कम पायावर उभे राहिले. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टर वसले, शाळा निघाल्या, सेक्टर ९ मधील रुग्णालय उभे राहिले. विदर्भातून व देशाच्या अन्य भागांतून येथे येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांच्या लेखी नोकरी म्हणजे मूळ वेतन, महागाई भत्ता, राहावयास क्वार्टर आणि आजारपणात हक्काचे रुग्णालय, असे समीकरणच झाले.

कारखान्यातील मनुष्यबळ गेल्या काही दशकांत बरेच घटले आहे. नव्या पिढीतील अनेक तरुण-तरुणी आता मॉल, तयार कपड्यांची दालने, सुपरमार्केट व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांतून कामाला लागतात. तीन-चार वर्षे विक्री विभागात काढल्यानंतर एके दिवशी व्यवस्थापकपदाचे नेमणूकपत्र हाती येते. घरात आनंद होतो. पण देऊ केलेले वेतन योग्य आहे की नाही, हे नेमके कोणालाच सांगता येत नाही. वडिलांच्या वेतनचिठ्ठीशी तुलना केली तर ते अपुरे वाटते आणि दुकानातील इतरांशी केली तर भरघोस वाटते. या दोन्ही तुलना अपुऱ्या आहेत.

पोलाद उद्योगात वेतनाचा हिशेब करणारी राष्ट्रीय संयुक्त समिती आहे. व्यवस्थापन व कामगार संघटना तेथे समोरासमोर बसतात. १ जानेवारी २०१७ पासून लागू व्हावयाच्या वेतनसुधारणेबाबत समझोता होण्यास ऑक्टोबर २०२१ उजाडला, यावरून ही प्रक्रिया किती संथ आहे हे कळते; तरीही कामगाराच्या वतीने कोणीतरी हिशेब मांडतो. किरकोळ विक्री क्षेत्रातील नवा व्यवस्थापक मात्र टेबलापलीकडे एकटा बसलेला असतो आणि त्याच्याकडून बहुधा त्याच दिवशी होकार अपेक्षित असतो. म्हणून हा हिशेब त्याने स्वतःच करावयास शिकले पाहिजे.

‘न्याय्य’ कशास म्हणावे?

केंद्र सरकारने १९४८ साली नेमलेल्या न्याय्य वेतन समितीने किमान वेतन, न्याय्य वेतन व निर्वाह वेतन अशा तीन पायऱ्या सांगितल्या. न्याय्य वेतनाची खालची मर्यादा किमान वेतन आणि वरची मर्यादा त्या उद्योगाची देण्याची क्षमता. या दोहोंच्या दरम्यान नेमकी रक्कम ठरविताना कामाची उत्पादकता आणि त्याच किंवा शेजारच्या परिसरात तशाच कामासाठी मिळणारा दर विचारात घ्यावा, असे समितीने सुचविले. पुढे १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने अन्न, वस्त्र, निवारा व इंधन यांवरून गरजेवर आधारित किमान वेतन मोजण्याची रीत घालून दिली. १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार व म्हातारपणाची तरतूद यांचाही वाटा जोडला.

हे निकष कामगारांसाठी ठरले असले, तरी त्यांतील विचार व्यवस्थापकालाही उपयोगी पडतो. त्यावरून पुढील कसोट्या मांडता येतात.

पहिली कसोटी : हाती किती येते?

समजा, एका दालनात ‘टीम लीडर’ म्हणून काम करणाऱ्या तरुणीस विभाग व्यवस्थापकपद देऊ केले आहे. पत्रावर वार्षिक ४,८०,००० रुपये लिहिले आहेत. हा कंपनीचा एकूण खर्च, म्हणजेच ‘सीटीसी’. त्यास बाराने भागून दरमहा ४०,००० रुपये मिळतील असे मानणे ही सर्वांत सामान्य चूक होय.

या रकमेची फोड अशी असू शकते. कामगिरीनुसार मिळणारा प्रोत्साहन भत्ता ६०,००० रुपये. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा, १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर १२ टक्के धरल्यास, वर्षाला २१,६०० रुपये. ग्रॅच्युइटीची तरतूद व विम्याचा हप्ता मिळून २०,४०० रुपये. हे १,०२,००० रुपये वजा जाता ३,७८,००० रुपये, म्हणजे दरमहा ३१,५०० रुपये उरतात. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा निधीचा हिस्सा १,८०० रुपये कापला की खात्यात २९,७०० रुपये जमा होतात.

वजा झालेले सर्व पैसे वाया गेले असे नव्हे. मालकाच्या १,८०० रुपयांपैकी सुमारे १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत व उरलेले निधीत जमा होतात; ती भविष्याची बचत आहे. ग्रॅच्युइटी मात्र नियमित कर्मचाऱ्यास साधारणपणे पाच वर्षांच्या सेवेनंतरच मिळते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार ठरावीक मुदतीच्या नेमणुकीत एका वर्षानंतर ती देय होते. म्हणून नेमणूक कोणत्या प्रकारची आहे, हे पत्रात पाहावे. प्रोत्साहन भत्ता तर विक्रीचे लक्ष्य गाठल्यासच हाती पडतो. मागील वर्षी त्या विभागाने किती महिने लक्ष्य गाठले, हे विचारल्याखेरीज ती रक्कम हिशेबात धरू नये. कर्जाचा हप्ताही या अनिश्चित रकमेच्या भरवशावर ठरवू नये.

दुसरी कसोटी : एका तासाचे मोल

नेमणूकपत्रात दिवसाला विश्रांतीसह नऊ तास व महिन्याला २६ दिवस काम लिहिलेले असते. त्या हिशेबाने २३४ तास होतात आणि २९,७०० रुपयांना तासाचा दर सुमारे १२७ रुपये पडतो. परंतु सणासुदीचा सेल, मालमोजणी, रात्री दुकान बंद करून होणारा रोकड हिशेब आणि रद्द झालेल्या साप्ताहिक सुट्या यांमुळे प्रत्यक्षात दिवसाला ११ तास व महिन्याला २८ दिवस काम झाले, तर ३०८ तास भरतात. तासाचा दर सुमारे ९६ रुपयांवर येतो.

आता हीच तरुणी टीम लीडर असताना २२,५०० रुपये हाती घेत होती आणि २३४ तास काम करीत होती असे धरले, तर तेव्हाचा दरही तासाला ९६ रुपयेच होता! महिन्याकाठी ७,२०० रुपये वाढले खरे; पण ती वाढ पूर्णपणे वाढीव तासांची आहे. जबाबदारीचे मोल शून्य झाले. बढती झाली की केवळ काम वाढले, हे या साध्या भागाकाराने कळते.

येथे पदनामाचा प्रश्न येतो. व्यवस्थापकीय पदावरील व्यक्तीला जादा तासांचा वेगळा मोबदला सहसा दिला जात नाही. औद्योगिक संबंध संहितेतील ‘कामगार’ या व्याख्येतून व्यवस्थापकीय काम करणारे, तसेच दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक वगळलेले आहेत. तथापि केवळ पदनामाने काही ठरत नाही. आयुर्विमा महामंडळाच्या विकास अधिकाऱ्यांसंबंधीच्या १९८३ च्या एस. के. वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पदनामापेक्षा प्रत्यक्ष कामाचे स्वरूप महत्त्वाचे मानले. रजा मंजूर करणे, पाळ्या ठरविणे, खरेदीचा निर्णय घेणे असा कोणताही अधिकार नसेल आणि दिवसभर माल लावणे व बिले करणे एवढेच काम असेल, तर ‘व्यवस्थापक’ हे नाव वेतनाच्या जागी दिलेले मानपत्र ठरते.

तिसरी कसोटी : परिसरातील दर

तुलना समान कामाशी, समान आकाराच्या दालनाशी व जवळच्या शहराशी करावी. भिलाई, दुर्ग व रायपूर येथील दर उपयोगी. मुंबई-पुण्याचे आकडे दिशाभूल करतात. दुकानाचे क्षेत्रफळ, हाताखालील माणसे व मासिक उलाढाल या तीन गोष्टी जुळत असतील तरच तुलना खरी. एकाच दालनात समान काम करणाऱ्या स्त्री व पुरुष व्यवस्थापकांच्या वेतनात स्त्री-पुरुष म्हणून भेद करणे वेतन संहितेनुसार निषिद्ध आहे. राज्याचा किमान वेतनदर हा पायथा होय. व्यवस्थापकाचे वेतन त्याच्या जवळपास घोटाळत असेल तर सावध व्हावे.

चौथी कसोटी : जोखीम कोणाची?

दुकानातील माल कमी भरला, रोकड जुळली नाही, तर ती तूट कोणाच्या वेतनातून कापली जाणार? कर्मचाऱ्याच्या ताब्यात स्पष्टपणे सोपविलेला माल किंवा पैसा त्याच्या हयगयीमुळे गहाळ झाला असेल, तरच अशी कपात करता येते. त्यापूर्वी त्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते आणि एकूण कपात वेतनाच्या ५० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. पत्रातील ‘सर्व तुटीस व्यवस्थापक जबाबदार’ असे सरसकट वाक्य वाचल्याशिवाय सही करू नये.

दुसरी जोखीम नोकरीच्या स्थैर्याची. २००१ साली सुरू झालेल्या ‘बिग बझार’ने देशभर दालने उघडली, परंतु २०२२ साली त्यांतील अनेक जागा रिलायन्सने ताब्यात घेतल्या आणि चालक कंपनी नादारीच्या प्रक्रियेत गेली. मोठ्या नावाचाही भरवसा कायमचा नसतो. म्हणून नोटिशीचा कालावधी दोन्ही बाजूंना समान आहे काय, हे पाहावे आणि किमान तीन महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवावा.

पाचवी कसोटी : घराचा आधार वगळून

भिलाईत ही कसोटी विशेष महत्त्वाची आहे. वडिलांचे क्वार्टर, अल्प भाडे व रुग्णालयाची सोय यांमुळे २९,७०० रुपयांत महिना सुखाने जातो. पण वडील साठाव्या वर्षी निवृत्त होतात. क्वार्टर सोडावे लागते किंवा वेगळ्या अटींवर ठेवावे लागते. आज जे वेतन पुरते, ते वस्तुतः वडिलांच्या नोकरीने दिलेल्या आधारामुळे पुरते. त्या आधाराचा लाभ नकळत दुकानमालकास मिळत असतो. म्हणून बाजारभावाने घरभाडे, वैद्यकीय विमा, प्रवास व बचत धरून एक काल्पनिक मासिक अंदाजपत्रक मांडावे. त्यात वेतन पुरत नसेल तर ते न्याय्य नाही, मग आज महिनाअखेर हाती काही शिल्लक राहत असली तरीही.

बोलणी करताना

१. वेतनाची फोड लेखी मागावी व विचारासाठी दोन दिवसांची मुदत घ्यावी.

२. मूळ वेतन वाढवून मागावे; त्यावर निधी व ग्रॅच्युइटी अवलंबून असते.

३. वेतन वाढत नसेल, तर बदली सुटी, सेलच्या काळातील विशेष भत्ता किंवा सहा महिन्यांनी फेरविचाराचे लेखी आश्वासन मागावे.

४. रायपूर किंवा कोरबा येथे बदली झाल्यास घरभाड्यापोटी काय मिळेल, हे आधीच ठरवावे.

५. पहिल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष तासांची वहीत नोंद ठेवावी. पुढील वेतनवाढीच्या वेळी हीच वही उत्तम पुरावा ठरते.

कधी कधी कमी वेतनाचे पद स्वीकारणेही शहाणपणाचे असते. साठ्याचे नियोजन, नफा-तोट्याचे पत्रक, माणसे हाताळणे हे प्रत्यक्ष शिकावयास मिळत असेल, तर वर्ष-दीड वर्ष ते शिक्षणाचे शुल्क समजावे. मात्र त्या शुल्काची रक्कम व मुदत आपण स्वतः ठरविलेली असावी. वेतन कमी आहे हे जाणून होकार देणे आणि ते न कळता होकार देणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर मिटविण्यास कागद, पेन्सिल आणि अर्धा तास पुरेसा आहे.