‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधील संघर्षाचे प्रकार

चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी मी वर्गात अनेकदा शिकवली आहे. ‘या कादंबरीतील संघर्षाचे प्रकार सोदाहरण स्पष्ट करा’ हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या आवडीचा. ‘संघर्ष’ हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये एकच असल्यामुळे आमच्या वर्गात त्याचा अर्थ कुणालाच सांगावा लागत नाही. उत्तरेही बहुधा एकाच साच्याची येतात. व्यक्ती विरुद्ध व्यक्ती, व्यक्ती विरुद्ध समाज, व्यक्ती विरुद्ध निसर्ग आणि व्यक्तीचा स्वतःशी संघर्ष असे चार मथळे आणि प्रत्येकाखाली दोन-दोन उदाहरणे. अशा उत्तराला गुण द्यावेच लागतात. पण कादंबरी हाती लागली असे काही वाटत नाही. या चार संघर्षांचे परस्परांशी नाते काय, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

ही कादंबरी डिसेंबर 1860 ते ऑगस्ट 1861 या काळात डिकन्सच्याच साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. कथानायक पिप हा अनाथ मुलगा. थोरली बहीण आणि तिचा नवरा, लोहारकाम करणारा ज्यो, यांच्या घरी तो वाढतो. लहानपणी दलदलीत भेटलेल्या एका पळालेल्या कैद्याला तो भीतीपोटी अन्न आणि कानस चोरून नेऊन देतो. पुढे श्रीमंत मिस हॅविशॅमच्या वाड्यावर त्याला खेळायला बोलावतात. तिथे एस्टेला ही गर्विष्ठ मुलगी त्याच्या खरखरीत हातांना आणि जाड बुटांना हसते. पत्त्यांतल्या गुलामाला तो जे गावंढळ नाव वापरतो, त्याचीही ती टर उडवते. त्या दिवसापर्यंत पिपला आपले हात कसे आहेत याचा पत्ताच नव्हता! काही वर्षांनी एका अज्ञात उपकारकर्त्याच्या पैशावर तो लंडनला ‘जंटलमन’ होण्यासाठी जातो.

आता संघर्षांकडे वळू. व्यक्ती विरुद्ध व्यक्ती या प्रकारात पिप आणि ऑर्लिक, तसेच मॅग्विच आणि कॉम्पेसन या जोड्या ठळक आहेत. मॅग्विच म्हणजेच तो दलदलीतला कैदी. पण हे वैर नुसते दोन माणसांचे आहे काय? मॅग्विच आणि कॉम्पेसन यांच्यावर एकाच गुन्ह्यासाठी खटला चालतो. कट रचणारा कॉम्पेसन. पण त्याची राहणी, बोलणे, शिक्षण सभ्य माणसाचे. त्याला सात वर्षे शिक्षा होते आणि फाटक्या मॅग्विचला चौदा. म्हणजे ज्याला आपण व्यक्तींमधला संघर्ष म्हणतो, त्याच्या पोटात समाजाशी असलेला संघर्ष दडलेला आहे. न्यायालयसुद्धा आधी कपडे पाहते आणि मग गुन्हा!

निसर्गाचेही तसेच. दलदलीवरचे धुके आणि थेम्सचा प्रवाह पात्रांची वाट अडवतात, हे खरे. परंतु मॅग्विचला नदीवर ज्या रात्री-दिवसांशी झुंजावे लागते, ते कायद्याच्या भीतीमुळे. जन्मभरासाठी देशाबाहेर धाडलेल्या या कैद्याला इंग्लंडमध्ये परत येण्याची शिक्षा मृत्यू हीच होती.

आणि हे सारे प्रवाह शेवटी पिपच्या मनात येऊन मिळतात. आपले सर्व वैभव मिस हॅविशॅमकडून आलेले आहे, अशी त्याची समजूत असते. तेविसाव्या वर्षी एका वादळी रात्री मॅग्विच दारात उभा राहतो आणि कळते की ऑस्ट्रेलियात मेंढ्या पाळून, घाम गाळून पैसा पाठवणारा हाच. तो प्रेमाने हात पुढे करतो आणि पिपला किळस येते. ज्या हातांनी त्याला जंटलमन केले, तेच हात त्याला नकोसे होतात. वर्गभेद आता समाजात बाहेर कुठे राहिलेला नाही. तो पिपच्या अंगात भिनला आहे.

या आंतरिक संघर्षाचे माझ्या मते सर्वांत मर्मभेदी चित्र मात्र त्याआधीच येते. ज्यो लंडनला पिपला भेटायला येतो, तो प्रसंग. पैसे देऊन त्याला टाळता आले असते तर आपण टाळले असते, अशी कबुली पिप स्वतःच देतो. ज्यो आपली टोपी कुठे ठेवावी या विवंचनेत. ती पुन्हा पुन्हा खाली पडते. ज्याला खांद्यावर खेळवले त्याला तो ‘सर’ म्हणतो. वर्गात हा प्रसंग वाचताना मुले हसतात. मला मात्र हसू येत नाही.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना वडील खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून बेळगावला माझ्या वसतिगृहावर आले होते. खांद्यावर तांदळाची पिशवी, पायांना भाताच्या खाचराचा चिखल वाळलेला. व्हरांड्यात माझे मित्र उभे होते. मी लगबगीने खाली जाऊन पिशवी घेतली आणि ‘बस चुकेल’ म्हणून त्यांना तसाच स्टँडकडे घेऊन निघालो. वाटेत त्यांनी विचारले, “तुझी खोली कुठली रे?” मी रस्त्यावरूनच वरच्या मजल्यावरची एक खिडकी दाखवली. “हवा चांगली येत असंल,” एवढेच ते म्हणाले. बसला अजून तासभर अवकाश होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. पुढे ते माझ्या खोलीवर कधीच आले नाहीत. मी बोलावले नाही आणि त्यांनी विचारले नाही.

म्हणून मला वाटते, अंतःसंघर्ष हा या कादंबरीतला चौथा मथळा नव्हे; बाकीचे तिन्ही ज्यात उतरतात ती ती विहीर आहे. डिकन्सला हे पुस्तकात वाचून कळलेले नव्हते. 1824 साली, बाराव्या वर्षी, वडील कर्जापायी तुरुंगात असताना तो बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबले चिकटवत होता. ती लाज त्याने जन्मभर जगापासून लपवली.

संघर्षाचे निराकरण होते तेही हातांतूनच. बत्तीस कैद्यांना एकाच वेळी फाशीची शिक्षा सुनावली जाते, तेव्हा भर न्यायालयात पिप मॅग्विचचा हात हातात धरून उभा असतो. संपत्ती सरकारजमा होणार हे त्याला माहीत आहे. मिळवण्यासारखे काही उरलेले नाही, आणि म्हणूनच तो हात धरणे खरे आहे.

पण डिकन्स एवढ्यावर समाधान मानत नाही. पिप आजारी पडतो, ज्यो त्याची शुश्रूषा करतो. परंतु पिप बरा होऊ लागताच ज्यो पुन्हा संकोचतो, पुन्हा ‘सर’ म्हणू लागतो. एके सकाळी पिपचे कर्ज परस्पर फेडून तो न बोलता निघून जातो. पश्चात्तापाने मन धुतले जाते, पण मध्ये पडलेले अंतर लगेच बुजत नाही.

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेत चार मथळे जरूर लिहा. फक्त लिहिताना प्रत्येक वेळी विचारा, हा संघर्ष पिपच्या मनात कुठून शिरला? तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी पहिली पदवी तुमच्याच हातात यावयाची आहे. गावाहून कोणी भेटायला आले, तर त्यांना जिना चढून वर घेऊन जा. खोली दाखवा.