वेलची जाते कुठे?

अगं, वेलदोडे ताजे सोललेस, मन लावून कुटलेस, तरी बासुंदी नुसतीच गोड लागली, म्हणून दुकानदाराच्या नावाने बोटं मोडू नकोस. आधी मला सांग, दूध आटवलंस की कॉर्नफ्लोअर लावलंस? लावलं असशील तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पंचवीस पानांचं दूध आटवत बसायला आता कुणाला वेळ आहे! फक्त वेलचीचं काय होतं तेवढं समजून घे.

कॉर्नफ्लोअर म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात साधारण पाव हिस्सा अमायलोज असतं, म्हणजे ग्लुकोजची लांबलचक, बहुतांशी सरळ साखळी. बाकीचं अमायलोपेक्टिन, ते फांद्याफांद्यांचं. दूध तापलं की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि अमायलोज बाहेर सुटतं. हे प्रकरण मोठं लबाड! जरा तेलकट वळणाचा रेणू भेटला की त्याच्याभोवती स्प्रिंगसारखी वेटोळी घालून बसतं. एका वेढ्यात ग्लुकोजचे सहा घटक. आतला पाहुणा जाडजूड असला तर सात, आठसुद्धा. वेटोळ्याच्या बाहेरच्या अंगाचं पाण्याशी पटतं, आतल्या पोकळीचं पटत नाही. सुगंधी रेणूही बरेचसे पाण्याशी फटकूनच असतात, म्हणून ते आत शिरतात. आत शिरलेलं वाफेवर उडत नाही, आणि जे उडत नाही ते नाकापर्यंत पोचत नाही.

शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचे थेंब टाकले होते, आठवतं? तो निळा-काळा रंग यायचा कारण आयोडीनही याच पोकळीत जाऊन बसतं. तिथे निदान रंग दिसतो. ओव्यातला थायमॉल, पुदिन्यातला मेंथॉल असे कितीतरी वास याच पद्धतीने अडकतात, आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

सगळं खापर स्टार्चवर फोडायचं नाही हं. थोडा वास उकळीतच उडतो, थोडा दुधाच्या स्निग्धात मुरतो, आणि पदार्थ दाट झाला की उरलेलाही रेंगाळत वर येतो. पण यातलं पुष्कळसं तुझ्या हातात आहे. कॉर्नफ्लोअर गार दुधात कालवून लाव, कच्चेपणा जाईपर्यंत उकळ, गॅस बंद कर. बासुंदी कोमट झाली की मग वेलची, तीही चमचाभर साखरेबरोबर कुटलेली. चिमूटभर पूड वाढताना वरून भुरभुरव. ती दाटपणात बुडालेलीच नसते, त्यामुळे वाटी हातात घेताच जाणवते. पिठल्याचंही तसंच. बेसनात स्टार्च भरपूर, वर प्रथिनंही. मग हिंग दबणारच. म्हणून पानात वाढल्यावर वरून चमचाभर हिंगाची फोडणी घाल आणि ढवळू नकोस. माझं विचारशील तर पिठल्याची खरी गंमत त्या वरच्या तेलातच आहे.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. पातेल्यावर नाक धरून वेलचीचा अंदाज घेऊ नकोस. चमचाभर बासुंदी तोंडात घे आणि क्षणभर घोळव. लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडायला लागतं, दाटपणा सैल होतो आणि दबलेला वास घशामागून नाकात चढतो. खाणाऱ्याला कळणार तो हा वास. शिवाय चव गार करूनच बघ, कारण फ्रिजमधल्या बासुंदीतून वास कमीच उडतो. गरम असताना बरोबर वाटलेली वेलची गार झाल्यावर थोडी कमी पडते, तेव्हा हात किंचित सैल सोड.

जायफळाला मात्र हा हिशोब लावू नकोस. वास येत नाही म्हणून किसत राहिलीस तर बासुंदी कडवट होईल, आणि मग साखर वाढवूनही ती सुधारत नाही.