ताडोबाला जायचंय? आधी नावांची यादी, मग वर्गणी

मैत्रिणींनो, यंदाची अभ्यास सहल ताडोबाला न्यावी, असा विषय बऱ्याच गटांच्या बैठकीत निघतोय. जरूर न्यावी. पण गाडी ठरवली आणि निघालो, असं हे देवदर्शन नाही. ताडोबा १९५५ पासूनचं, आपल्या राज्यातलं सर्वात जुनं राष्ट्रीय उद्यान. तिथं आत सोडतात ते आधी बुकिंग असेल तरच.

पहिलं ठरवा महिना. आतलं मुख्य जंगल, म्हणजे कोअर, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं. एरवी दर मंगळवारी सुट्टी. आपल्याकडच्या कितीतरी जणी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात, त्या मार्च-एप्रिलला परततात. जूनमध्ये पेरणी. म्हणजे सगळ्यांना जमेल असा मे महिनाच उरतो. चंद्रपूरचं ऊन भयंकर, हे खरं. पण पाणवठ्यावर वाघ दिसायची शक्यताही तेव्हाच जास्त. शनिवार-रविवारी दर चढे असतात, म्हणून बुधवार-गुरुवार बघा.

आता नावं. इथंच गाडी अडते. बुकिंग करताना प्रत्येकीचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर भरावा लागतो आणि गेटवर मूळ कार्ड दाखवावं लागतं. आपल्यात एकीच्या आधारवर माहेरचं नाव, मतदान कार्डावर सासरचं, आणि गटाच्या रजिस्टरात तिसरंच! जे कार्ड सोबत नेणार, त्यावरचंच नाव अक्षर न् अक्षर भरा. ऐनवेळी "ती नाही आली, तिच्या जावेला घ्या" असं चालत नाही. म्हणून नक्की येणाऱ्यांचीच यादी करा. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये आहे, यावरही विसंबू नका. कोअरमध्ये मोबाइल न्यायला बंदी आहे.

हिशेब असा. एका जिप्सीत सहा जणी बसतात. जिप्सी आणि गाइडचे पैसे गाडीमागे लागतात, माणसामागे नाही. अठरा जणी असल्या तर तीन गाड्या. वीस झाल्या की चौथी गाडी दोघींसाठी, आणि तिचा भार सगळ्यांवर. तेव्हा सहाच्या पटीतच गट करा. आपली भाड्याची गाडी गेटबाहेरच थांबते, तिचा खर्च वेगळा धरा.

बुकिंग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. "अर्धे पैसे पाठवा, जागा धरून ठेवतो" असा फोन आला तर गटाचा एक रुपयाही पाठवू नका. तिकिटावर तारीख, सकाळ की दुपार आणि गेटचं नाव तिघींनी वाचावं. मोहर्लीचं तिकीट घेऊन कोलाऱ्याच्या गेटवर गेलात तर आत सोडणार नाहीत.

बीडहून चंद्रपूर साधारण पाचशे किलोमीटर. सकाळची फेरी असेल तर आदल्या रात्री मोहर्लीत मुक्काम हवाच. तिथं एमटीडीसीचं निवास आहे, त्याचंही बुकिंग आधीच करावं लागतं.

ज्यांना इतक्या लांब जमणार नाही, त्यांच्यासाठी पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहेच. सकाळी लवकर गेलात तर मोर दिसतील.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपलं ओळखपत्र आणा. यादी सचिवताईंनी कार्ड समोर ठेवूनच लिहावी.