दुखणं हाताचं, मूळ मानेत

मंडळी, मी जन्मभर मास्तरकी केली. मान खाली घालून वह्या तपासल्या. पुढे माझा उजवा हात दुखू लागला. खांद्यापासून बोटांपर्यंत कळ जायची. अंगठ्याला मुंग्या यायच्या. मी आठ महिने हाताला तेल चोळलं. एके दिवशी हातातून पाण्याचा तांब्या सुटला. तेव्हा मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "गुरुजी, हात चांगला आहे. दुखणं मानेत आहे."

हे कसं काय?

आपल्या मानेत 7 मणके असतात. मणक्यांच्या मध्ये मऊ गाद्या असतात. तिथूनच नसा निघतात आणि हातापर्यंत जातात. वय झालं की गाद्या झिजतात. कधी एखादी गादी सरकते. मग नस दाबली जाते. दुखते मात्र हातात.

मोठ्या माणसाचं डोकं सुमारे 5 किलो भरतं. भरलेली कळशी अंगाजवळ धरली तर सोसते. हात लांब करून धरली तर जड होते. डोक्याचंही तसंच आहे. मान पुढे झुकली की मानेवर ताण वाढतो. म्हणून शिवताना, निवडताना, मोबाईल पाहताना फार वेळ वाकून बसू नये. अर्ध्या तासाने उठावं. मोबाईल डोळ्यांसमोर धरावा.

आता व्यायाम पाहू. आधी डॉक्टरांना विचारा.

पहिला : ताठ बसा. समोर पाहा. हनुवटी सरळ मागे न्या. मान वर-खाली करू नका. 5 आकडे मोजा. सोडा.

दुसरा : खांदे सैल सोडा. पाठीमागची दोन्ही पाती एकमेकांजवळ आणा. 5 आकडे मोजा. सोडा.

तिसरा : तळहात कपाळावर ठेवा. डोक्याने हात हलकेच दाबा. हाताने डोकं अडवा. मान हलू देऊ नका. असंच डोक्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना करा.

प्रत्येक व्यायाम सकाळ-संध्याकाळ 10 वेळा करा. घाई नको. कळ हातात आणखी खाली उतरू लागली, तर लगेच थांबा.

मान कडकडा मोडून घेऊ नका. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्या मानेतूनच जातात. त्यांना इजा झाली तर जिवावर बेतेल.

हाताची पकड सुटते का? चालताना तोल जातो का? लघवीवर ताबा राहत नाही का? पडल्यावर मान दुखते का? मग व्यायाम करत बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा.

बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत, महिन्यांत कमी होतं. माझीही पकड परत आली. पण अंगठा अजून बधिर आहे. मी उशीर केला. तुम्ही करू नका.

प्रश्न
1. मानेत किती मणके असतात?
2. नस दाबली गेली तर हात का दुखतो?
3. व्यायाम केव्हा थांबवावा?
4. त्याच दिवशी दवाखान्यात केव्हा जावं?