शाकारणीचे काम कोणाच्या हाती?

कोकणात घराचे छप्पर ही केवळ सोय नसून ती वर्षाची जबाबदारी असते. रोहिणी लागण्यापूर्वी कौले उतरवून झाडावी, फुटकी बदलावी, वासे-रिपा तपासाव्या आणि मृगाचा पहिला पाऊस निर्धास्तपणे ऐकावा, ही येथील जुनी रीत. परंतु ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील असंख्य घरांची व शाळांची छपरे काही तासांत उडाली. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळाने सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्ह्यांना झोडपले. अशा वेळी घाईने दिलेले काम पुढील पावसाळ्यात पुन्हा करावे लागते. म्हणूनच छपराचे काम कोणाला व कोणत्या अटींवर द्यावे, हा प्रश्न घरमालकाइतकाच ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्याही जिव्हाळ्याचा आहे.

वारा काय करतो?

वारा छपराला खाली दाबतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात जोराचा वारा पाख्यावरून वाहताना छपराला वर खेचतो. ही ओढ वळचण, आढे आणि कोपरे येथे सर्वांत अधिक असते. भिंतीपुढे आलेली पडवी तर खालून उचललीही जाते. त्यामुळे छपराचे बळ पत्र्याच्या जाडीवर जितके अवलंबून असते, तितकेच ते सांध्यांवर असते. पत्रा वाशाला, वासा भिंतीवरील पाटाला आणि पाट भिंतीला घट्ट जखडलेला असला पाहिजे. या साखळीतील एक कडी कच्ची राहिली तरी बाकीचा खर्च वाया जातो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत साधे खिळे व पट्ट्या लवकर गंजतात. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट वापरावेत.

चांगल्या कंत्राटदाराची पारख येथूनच सुरू होते. त्याला एवढेच विचारावे : ‘छप्पर भिंतीला कसे बांधणार?’ जो पत्र्याच्या रंगाविषयी आणि दराविषयीच बोलतो, त्याच्याबाबत सावध राहावे. जो शिडी लावून वर चढतो, वाशाची भिंतीत गेलेली टोके पटाशीने टोचून वाळवी पाहतो आणि मगच अंदाज देतो, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे.

स्थानिक असणे पुरेसे आहे काय?

स्थानिक कारागिराचा मोठा लाभ असा की, त्याची जुनी कामे आपल्याला पाहता येतात आणि आषाढात गळती लागली तर त्याला बोलावता येते. वादळानंतर बाहेरून आलेला कंत्राटदार पैसे घेऊन गेल्यावर पुन्हा भेटेलच असे नाही. तरीही ‘आपल्या गावचा’ एवढ्यावर काम देऊ नये. त्याने किमान दोन पावसाळ्यांपूर्वी केलेली दोन-तीन छपरे पाहावीत आणि त्या घरातील माणसांना, विशेषतः गृहिणींना, पाणी कोठे ठिबकते ते विचारावे. गळतीखाली भांडी ठेवणाऱ्यांना छपराची खरी कहाणी ठाऊक असते.

ग्रामपंचायतीच्या कामात आणखी एक पथ्य आहे. पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेली व्यक्ती महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ अन्वये सदस्यत्वास अपात्र ठरते. तेव्हा ओळखीतील माणसाला काम देण्याचा मोह सदस्यांनी टाळलेलाच बरा.

अंदाजांची तुलना

दोन अंदाज समोर आले की सर्वप्रथम मोजमाप सारखे आहे की नाही ते पाहावे. समजा, वळचणीसह वर्गखोलीची जमिनीवरील लांबी ३० फूट व रुंदी २० फूट आहे. जमिनीचे क्षेत्र ६०० चौरस फूट, म्हणजे ६ ब्रास झाले. परंतु पाख्याचा उतार ३० अंशांचा असेल, तर छपराचे प्रत्यक्ष क्षेत्र सुमारे ६९३ चौरस फूट, म्हणजे जवळजवळ ७ ब्रास भरते. एकाने ६ ब्रास धरले आणि दुसऱ्याने ७, तर पहिल्याचा अंदाज स्वस्त दिसतो. काम सुरू झाल्यावर मात्र ‘वाढीव मोजमाप’ पुढे येते. म्हणून दराबरोबर मोजण्याची पद्धतही लिहून घ्यावी.

लेखी करारात पुढील बाबी असाव्यात : लाकडाची जात व जाडी, कौलांचा वा पत्र्यांचा प्रकार व जाडी, बोल्टांची संख्या व जागा, जुने सामान कोणाचे, काम संपण्याची तारीख, आणि मजुरांच्या सुरक्षिततेची व विम्याची जबाबदारी. नालीदार पत्र्याचे बोल्ट उंचवट्यावर बसवावेत, पाणी वाहते त्या खोलगट भागात नव्हे, हेही स्पष्ट लिहावे.

पैसे केव्हा द्यावेत?

सर्व रक्कम आगाऊ देणे हे पुढील तक्रारींचे मूळ आहे. लाकूड येऊन तपासल्यावर एक हप्ता, सांगाडा जखडल्यावर दुसरा आणि आच्छादन पूर्ण झाल्यावर तिसरा, असा क्रम ठेवावा. काही रक्कम पहिले जोरदार पाऊस पडून जाईपर्यंत राखून ठेवावी आणि ही अट काम सुरू होण्यापूर्वीच सांगावी. प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी. सांगाडा झाकला जाण्यापूर्वी सांध्यांची पाहणी झालीच पाहिजे, कारण कौले चढल्यावर आतील चूक दिसत नाही. शासकीय कामात अभियंत्याने मोजमाप पुस्तिकेत नोंद करण्याची योग्य वेळही हीच.

दिवाळीनंतर पाहणी, माघ-फाल्गुनात करार आणि वैशाखापूर्वी काम पूर्ण, असा क्रम बसवला तर कारागिराला उसंत मिळते आणि मालकाला निवड करता येते. मे महिन्याच्या अखेरीस धावपळ करणाऱ्याला मिळेल तो माणूस आणि सांगेल तो दर पत्करावा लागतो. ज्या वर्गात मुले बसतात त्या छपराचा निर्णय असा अगतिकतेने होऊ नये. तो आभाळ निरभ्र असतानाच व्हावा.