मोबाईलला रेंज नाही, मग अंतराळवीराचा आवाज कसा येतो?

प्रश्न : मी लोणार तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात असताना हॅम रेडिओवरून विद्यार्थ्यांशी बोलले, ही बातमी मी वर्गात वाचून दाखवली. तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, आपल्याकडं मोबाईलला रेंज मिळवायला गच्चीवर जावं लागतं. मग चारशे किलोमीटरवरून त्यांचा आवाज कसा येतो?" याचं उत्तर काय द्यावं? आणि आमच्या मुलांना असं बोलता येईल का?
– एक शिक्षिका, जि. बुलढाणा

उत्तर : बाई, तुमच्या विद्यार्थिनीने प्रश्नातच निम्मं उत्तर देऊन ठेवलंय. रेंज मिळवायला ती गच्चीवर का जाते? तिथे टॉवर आणि मोबाईल यांच्या मधल्या भिंती, झाडं, टेकडी यांचा आडोसा कमी होतो म्हणून. अंतराळ स्थानक तर डोक्यावरच असतं. आपण उघड्या माळावर उभे राहिलो, तर त्याच्या आणि आपल्या मध्ये अडवणारं काहीच नसतं. या प्रकारच्या रेडिओ लहरींना अंतरापेक्षा आडोसा जास्त नडतो.

आधी बातमीतला तपशील. शुभांशु शुक्ला 26 जून 2025 रोजी अंतराळ स्थानकात पोहोचले आणि 15 जुलैला पृथ्वीवर परतले. मधल्या काळात 4 जुलैला बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात जमलेले विद्यार्थी आणि 8 जुलैला मेघालयात उमियम इथल्या ईशान्य अंतराळ उपयोजन केंद्रात जमलेले विद्यार्थी त्यांच्याशी हॅम रेडिओवरून, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून चालवल्या जाणाऱ्या हौशी रेडिओवरून, बोलले. पंतप्रधानांशी 28 जूनला झालेलं त्यांचं संभाषण आपण टीव्हीवर पाहिलं, ते मात्र वेगळ्या वाटेने आलं होतं. स्थानकातून येणारं चित्र आणि आवाज आधी सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरच्या दळणवळण उपग्रहांकडे जातो, तिथून जमिनीवरच्या मोठ्या केंद्रात उतरतो आणि मग आपल्यापर्यंत येतो. हॅम रेडिओत हा फेरा नाही. स्थानकाच्या अँटेनातून निघालेली लहर थेट शाळेच्या गच्चीवरच्या अँटेनात उतरते. चारशे किलोमीटर यायला तिला दीड मिलिसेकंदसुद्धा लागत नाही.

आता मोबाईलशी तुलना करू. आपला हँडसेट फार तर 0.2 वॅट शक्तीने बोलतो आणि त्याची अँटेना डबीच्या आत दडलेली असते. त्यातून इंटरनेट, चित्रं, व्हिडिओ असं सगळं हवं म्हणून 4जीची एक वाहिनी काही मेगाहर्ट्झ रुंद ठेवावी लागते. एवढ्याशा शक्तीची तेवढ्या रुंदीत पांगापांग होते. हॅम रेडिओवर फक्त एका माणसाचा आवाज पाठवायचा असतो. त्याला पंधरा-वीस किलोहर्ट्झची अरुंद पट्टी पुरते आणि सगळी शक्ती तेवढ्यातच राहते. स्थानकातला संच केनवूड कंपनीचा आहे, मोटारीत बसवतात त्या जातीचा. तो 2020 मध्ये युरोपच्या कोलंबस कक्षात बसवला गेला. 145.800 मेगाहर्ट्झवर बोलतो. या लहरीची लांबी साधारण दोन मीटर, म्हणून हॅम मंडळी याला 'टू मीटर बँड' म्हणतात. आणखी एक सोय निसर्गानेच केलेली आहे. शॉर्टवेव्ह रेडिओच्या लहरी वातावरणाच्या वरच्या, आयनांबर नावाच्या थरावर आपटून परत फिरतात, पण टू मीटरच्या लहरी त्यातून आरपार जातात.

अडचण असते ती वेळेची. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने धावतं आणि सुमारे 93 मिनिटांत पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालतं. तुमच्या गावाच्या क्षितिजावर उगवल्यापासून मावळेपर्यंत, अगदी डोक्यावरून जाणारी फेरी असली तरी, जेमतेम दहा मिनिटं मिळतात. वर्गात नकाशा असेल तर मुलांना हे बोटाने दाखवा. वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारी फेरी धरा. बुलढाण्यातलं पहिलं मूल "नमस्कार" म्हणेल तेव्हा अंतराळवीर इराण-अफगाणिस्तानच्या सीमेवर असेल. मधल्या प्रश्नांच्या वेळी तो लोणारच्या माथ्यावर येईल. शेवटचं उत्तर देताना तो श्रीलंका आणि सुमात्रा यांच्या मधल्या समुद्रावर पोहोचलेला असेल आणि तिथेच आवाज तुटेल. वाक्य अर्धं राहिलं तरी काही करता येत नाही.

या दहा मिनिटांत अंतरही सारखं बदलत असतं. क्षितिजावर असताना स्थानक आपल्यापासून सुमारे 2,350 किलोमीटर दूर असतं, माथ्यावर आलं की 420. म्हणजे अंतर साडेपाचपट कमी होतं आणि सिग्नल जवळपास तीसपट जोरकस होतो. म्हणून सुरुवातीला नुसती खरखर, मग त्यातून उमटणारे शब्द, आणि दोन-तीन मिनिटांनी शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ आवाज, असा क्रम असतो. जमिनीवरचे लोक यासाठी यागी अँटेना वापरतात. जुन्या दूरदर्शनसाठी घरांवर आडव्या दांड्यांची अँटेना असायची, तिचीच ही बहीण. फरक इतकाच की ही स्थिर नसते. मोटर लावून किंवा हाताने ती स्थानकाच्या मागोमाग फिरवत राहावी लागते.

फ्रिक्वेन्सीही जागेवर राहत नाही. शेगावच्या फलाटावर न थांबणारी गाडी येताना तिचा भोंगा चढा ऐकू येतो आणि पुढे गेली की उतरतो. तेच इथे रेडिओ लहरीचं होतं. स्थानक जवळ येताना 145.800 ऐवजी सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर ऐकू येतं, माथ्यावर असताना बरोबर, आणि दूर जाताना तेवढंच खाली. पुष्कळ संच पाच किलोहर्ट्झच्या टप्प्याने फिरतात. त्यामुळे ऑपरेटर 145.805 वर सुरुवात करतो, मध्यावर 145.800 वर येतो आणि शेवटी 145.795 वर. आठवीच्या मुलांना डॉप्लर परिणाम शिकवायला याहून चांगलं प्रात्यक्षिक मला माहीत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हो, बोलता येईल. एखाद्या बड्या शाळेची ही मिरासदारी नाही.

अंतराळातून हौशी रेडिओवर पहिल्यांदा बोलले ओवेन गॅरियट, 1983 मध्ये कोलंबिया यानातून. हातात एक छोटा संच आणि खिडकीला लावलेली अँटेना, एवढंच साहित्य होतं. पुढे अंतराळ स्थानक झालं आणि डिसेंबर 2000 मध्ये, पहिली तुकडी तिथे राहायला गेल्यावर दोन महिन्यांच्या आत, अमेरिकेतल्या एका शाळेशी पहिलं बोलणं झालं. 'एरिस' नावाची आंतरराष्ट्रीय व्यवस्था हे काम पाहते. अनेक देशांच्या हौशी रेडिओ संघटना आणि अंतराळ संस्था तिच्यात एकत्र आहेत, आणि काम करणारे बहुतेक स्वयंसेवक आहेत. शाळांच्या अर्जांसाठी ठराविक मुदती असतात. अर्जात शाळेची इमारत किती मोठी हे विचारत नाहीत. या निमित्ताने मुलांना काय शिकवणार, हे विचारतात. निवड झाल्यावरही तारीख मिळायला बरेच महिने जातात, कारण अंतराळवीराचं कामाचं वेळापत्रक आणि स्थानकाची फेरी जुळून यावी लागते.

शाळेकडे अँटेना आणि संच नसेल तर 'टेलिब्रिज' नावाची सोय आहे. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला एखादा अनुभवी हॅम आपल्या केंद्रातून स्थानकाशी रेडिओ जोडतो आणि शाळेचा आवाज त्याच्यापर्यंत टेलिफोनने पोहोचतो. सोय चांगली आहे, पण मला विचाराल तर शक्यतो थेट संपर्काचाच आग्रह धरा. आपल्याच शाळेच्या गच्चीवरची अँटेना फिरताना पाहणं आणि फोनच्या स्पीकरमधून आवाज ऐकणं, यातला फरक मुलांना लगेच कळतो.

थेट संपर्कासाठी परवानाधारक हॅम सोबत हवाच. भारतात केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हा परवाना मिळतो. वयाची अट बारा वर्षं पूर्ण, एवढीच. म्हणजे तुमचा सातवीचा वर्ग या परीक्षेला बसू शकतो! प्राथमिक श्रेणीला मोर्स कोडही लागत नाही. थोडी विजेची आणि रेडिओची तत्त्वं, थोडे नियम. मुलांनी स्वतः परवाना घेतला नसला तरी परवानाधारकाच्या देखरेखीखाली ती माईकवर बोलू शकतात. एक इशारा मात्र देतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे वॉकीटॉकी घेऊन प्रयोग करू नका. आपल्याकडे परवान्याशिवाय असा संच बाळगणंही कायद्यात बसत नाही.

महाराष्ट्रातल्या मुलांनी यापुढची मजलही मारलेली आहे. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला एक किलो वजनाचा 'स्वयम' उपग्रह 22 जून 2016 रोजी इस्रोच्या पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून कक्षेत सोडला. हौशी रेडिओच्या फ्रिक्वेन्सीवरून निरोप देण्या-घेण्यासाठीच तो बनवला होता. आणि हा छंद संकटात किती उपयोगी पडतो हे 2004 च्या त्सुनामीत दिसलं. भारती प्रसाद आणि त्यांचे हॅम सहकारी तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये होते. फोन बंद पडले आणि त्यांच्या रेडिओवरून अंदमानच्या लोकांचे निरोप मुख्य भूमीवर गेले.

माझ्या मते या सगळ्यात सर्वांत कठीण काम प्रश्न तयार करण्याचं आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. दहा मिनिटं म्हणजे सहाशे सेकंद. एका प्रश्नोत्तराला चाळीस सेकंद धरली तर पंधरा प्रश्न होतात. मुलं रांगेत उभी असतात. प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं, एका वाक्यात प्रश्न विचारायचा आणि "ओव्हर" म्हणायचं. दोघं एकाच वेळी बोलू शकत नाहीत, म्हणून "ओव्हर" ऐकल्यावरच समोरचा बोलायला लागतो. "तिथे कसं वाटतं?" असा प्रश्न विचारला तर उत्तर ऐकण्यात मिनिट जातं आणि हाती फारसं काही लागत नाही.

बुलढाण्याच्या मुलांनी बुलढाण्याचे प्रश्न विचारावेत. "लोणारचं विवर वरून नुसत्या डोळ्यांनी दिसतं का?" याचं उत्तर विचारण्याआधी मुलांकडून गणित करून घ्या. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, स्थानकाची उंची सुमारे 420. गुणोत्तर काढलं की ते पाव अंशाएवढं भरतं, म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीचं. आकाश निरभ्र असेल आणि नजर बरोबर जागी असेल तर दिसायला हवं. मुलांनी आधी हिशेब मांडून मग विचारलेला प्रश्न अंतराळवीरालाही आवडेल.

दुसरा प्रश्न शेतातला. शुभांशु शुक्लांनी स्थानकात मूग आणि मेथीच्या बियांना मोड आणले होते. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचा आणि तिथल्याच आयआयटीचा तो प्रयोग. तुमच्याकडच्या पोरांनी खरिपात मूग उगवताना पाहिलेला असतो. मूळ खाली जातं आणि कोंब वर येतो हे त्यांना सांगावं लागत नाही. मग जिथे खाली आणि वर असं काही नाही, तिथे मूळ कुठल्या दिशेला जातं? या एका प्रश्नावर विज्ञानाचे चार तास सहज जातील.

सुरुवात आजच करा. नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' या सेवेवर स्थानक बुलढाण्यावरून कधी जाणार त्याच्या वेळा मिळतात. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे ते एखाद्या ठळक ताऱ्यासारखं, न लुकलुकता, आकाश ओलांडून जातं. जुलै-ऑगस्टमध्ये ढग आड येतात, दिवाळीनंतर उत्तम. आवाज ऐकायचा तर इंटरनेटला जोडलेले 'वेब एसडीआर' रेडिओ आहेत. स्थानक त्या रेडिओवरून जात असताना मोबाईलवर 145.800 मेगाहर्ट्झ ऐकता येतं. अधूनमधून स्थानकातून याच फ्रिक्वेन्सीवर चित्रंही पाठवतात. एका चित्राला दोन मिनिटं लागतात. रोबोट 36 नावाचं ॲप ती किणकिण ऐकून रेघ-रेघ करत मोबाईलच्या पडद्यावर चित्र उतरवतं. हे सगळं फुकट आहे.

आणि हा स्तंभ वाचणाऱ्या विदर्भ, खानदेश, मराठवाड्यातल्या हॅम मंडळींना एक विनंती. येत्या एखाद्या आनंददायी शनिवारी आपला संच आणि यागी गाडीत टाका आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जा. मुलांना एकदा स्थानकाचा आवाज ऐकवा. अर्ज भरायला शिक्षक तयार आहेत, त्यांना परवाना असलेला माणूस हवा आहे.